दुलई पांघरलेला नारळ

लातूरची पिंजारगल्ली उतरत उतरत जिथं ओढ्याला भिडते, तिथलं शेवटचं घर हुसेनबीचं. घरामागं मोठं आवार, आवारात आड, आणि आडापलीकडं नारळाचं एक झाड. दिवाळी झाली की रोज संध्याकाळी त्या झाडाच्या बुंध्याला दुलई गुंडाळलेली दिसायची. साधीसुधी नव्हे, लाल फुलांच्या छिटाची, हिरव्या किनारीची, लग्नात द्यावी अशी. गल्लीत नवा माणूस आला की थबकायचा आणि विचारायचा, हे काय म्हणून. लोक सांगायचे, "हुसेनबीचं लेकरू हाय ते. थंडी वाजून राहिली त्याला." आणि खिदळायचे.

हुसेनबीचे कान तिखट होते. ती आतूनच ओरडायची, "हसा, हसा! दात हायेत तवर हसून घ्या!"

म्हातारी भांडकुदळ होती, असं मात्र कुणी म्हणू नये. कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त "हे होणार नाही" असं तिच्यासमोर म्हणायचं नाही, एवढं पथ्य पाळावं लागायचं. कुणी ते पाळलं नाही की बाईच्या अंगात वारं शिरायचं, आणि मग ती गोष्ट झाल्याशिवाय गल्लीला चैन पडायची नाही.

आता लातुरात नारळ येतच नाही असं नव्हे. वरच्या अंगाला बंगल्यांच्या आवारांत, भिंतींच्या उबेला चांगली उभी झाडं आहेत. पण ओढ्याकाठचा हा खळगा वेगळा. थंडी उताराला लागते ती इथं येऊन साचते. पौष-माघात एखाद्या सकाळी इथल्या गवतावरचं दंव गोठून पांढरं झालेलं असतं, आणि हे वरच्या बंगलेवाल्यांना सांगितलं तर ते काय बोलते ही बाई, अशा नजरेनं बघतात. असल्या जागी नारळ लावणं म्हणजे हट्टच. तो हट्ट तिला भूकंपाच्या वर्षी लागला.

त्या वर्षी गणपती बुडवून लोक निजले आणि पहाटे जमीन हलली. लातुरात भिंतींना भेगा पडल्या, पण औसा-निलंग्याकडची गावंच्या गावं दगडमातीखाली बसली. उरलेली माणसं पत्र्याच्या शेडांत राहायला गेली. हिवाळा तोंडावर होता. मदतीची ब्लँकेटं आली होती, पण पत्र्याखालच्या गारठ्याला ती काय पुरणार? मग कुणीतरी कापूस आणि छीट यांची सोय केली आणि लातूरचे पिंजारी बोलावले. हुसेनबीचा नवरा जिलानी कापूस पिंजायची धुनकी खांद्यावर टाकून निघाला, आणि सुईदोरा घेऊन हुसेनबी त्याच्या मागोमाग. तो पिंजायचा, ती दुलया भरून दोरे घालायची. त्या हिवाळ्यात त्या दोघांनी किती दुलया केल्या याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही.

त्याच शेडांच्या मागं नारळांचा एक ढीग पडून होता. कोकणातून कुणीतरी मायेनं ट्रक भरून पाठवले होते, सालासकट. पण घराघरांत दुखवटा. दुखवट्यात नारळ कोण फोडणार? बरं, खावं म्हटलं तर ओलं खोबरं भाजीत घालायची सवय तिकडं कुणाला नव्हती. देणाऱ्याचा अपमान नको म्हणून कुणी फेकलेही नाहीत. ढीग तसाच पाण्याच्या टाकीच्या गळत्या नळाशी पडून राहिला.

होळीच्या सुमाराला शेवटच्या दुलया पोचवायला हुसेनबी गेली, तेव्हा तिला त्या ढिगात हिरवं काहीतरी दिसलं. तीन नारळांना कोंब फुटले होते. शेजारी शेषेराव बसला होता. एकरांनी जमीन असलेला शेतकरी, पण बायको आणि दोन्ही पोरं गेलेली. तो दिवसभर टाकीपाशी बसून असायचा.

"शेषेरावभाऊ, बघा, ह्यांना कोंब आलेत," हुसेनबी म्हणाली.

शेषेरावनं मान वळवली नाही. "येऊ द्या भाभी. थंडी पडली की मरतेत. आपल्याकडं नारळ जगत न्हाई." मग म्हणाला, "हितं काहीच जगत न्हाई आता."

त्या माणसाचं सगळं गेलं होतं. त्याच्याशी वाद घालायची ती वेळ नव्हती, हे हुसेनबीला कळत होतं. तरी तिनं घातला.

"कसं न्हाई जगत? मी जगवून दाखवते."

शेषेराव पहिल्यांदा तिच्याकडं वळला. तो हसला नाही, रागावलाही नाही. "न्या," एवढंच म्हणाला. हुसेनबीनं तिन्ही नारळ पदरात बांधले आणि ती एस.टी.त बसली. शेजारची बाई सरकून बसली, कारण नारळांना वास येत होता.

आडाजवळ खड्डे घेतले, शेणखत घातलं, नारळ लावले. पावसाळ्यात तिन्ही रोपं तरारून वर आली. जिलानी म्हणायचा, "तुझ्यापेक्षा झाड सरळ हाय." मग हिवाळा आला, आणि हुसेनबीनं अशी चूक केली जी पिंजाऱ्याच्याच घरात होऊ शकते.

पिंजाऱ्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक असते: थंडीवर कापूस. लेकराला थंडी, कापूस. म्हाताऱ्याच्या गुडघ्याला थंडी, कापूस. मग नारळाला दुसरं काय लागणार? तिनं घरातला सगळ्यात चांगला, दोनदा पिंजलेला कापूस घेतला आणि रोपांच्या गाभ्यात, जिथून नवं पान सुईसारखं वर येतं तिथं, हलक्या हातानं भरला. एवढ्या प्रेमानं तिनं कुणाची उशी भरली नसेल. दोन रोपांत भरला आणि तिसऱ्यापुरता कापूस उरला नाही, म्हणून त्याला नुसती जुनी वाकळ गुंडाळली.

रोज पहाटे दंव पडायचं. कापूस ते पिऊन घ्यायचा आणि गाभ्यात धरून ठेवायचा. संक्रांतीला तिनं पहिल्या रोपाचं मधलं पान नुसतं चिमटीत धरलं, तर ते अख्खं हातात आलं. खालचं टोक कुजून घाण सुटली होती. दुसऱ्याचंही तसंच. हुसेनबी आडाच्या काठावर बसून ढसाढसा रडली. ज्या कापसावर तिचं घर चाललं, त्यानंच दगा दिला म्हणून तिला जास्त लागलं.

जिलानी आला, हातात ओला बोळा घेऊन पिळला. पाणी गळलं. "अगं, दुलई काय एकटीच ऊब देते का?" तो म्हणाला. "आपण लोकाला काय सांगतो? दुलईला रोज ऊन दाखवा. न्हाई दाखवलं तर ती थंडीच पांघरल्यासारखी. झाडाला घातली अन काढलीच न्हाई तू."

आयुष्यभर गिऱ्हाइकाला जे बजावलं, तेच स्वतः विसरली होती. तिनं डोळे पुसले आणि तिसऱ्या रोपाकडं पाहिलं. ते पिवळं पडलं होतं, पण गाभा घट्ट होता.

तेव्हापासून ठरून गेलं. सूर्य मावळायच्या आत आडाचं पाणी बुंध्याला द्यायचं. हिवाळ्यात आडाचं पाणी कोमट असतं, जमिनीत ऊब राहते. मग बुंध्याला दुलई. गाभ्याला कापूस शिवूही द्यायचा नाही. त्याच्यावर चार काठ्यांचा मांडव आणि मांडवावर कडबा, पानांना न टेकणारा. वाऱ्याच्या बाजूला तुराट्या आणि गोवऱ्यांचा धूर, जाळ नाही, नुसता धूर. आणि सकाळी ऊन आलं की सगळं उतरवायचं, दुलई दोरीवर टाकायची. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत, रोज. ताप असो, पाहुणे असोत, ईद असो. एकदा सख्ख्या भाचीच्या लग्नाला औशाजवळ जायचं होतं. हुसेनबी लग्न लावून जेवण न करता परत आली, कारण दिवस कलायला लागला होता. माहेरचे लोक वर्षभर बोलत नव्हते.

झाड जगलं, पण कुरकुरत. थंडीत त्याची वाढ थांबायची, उन्हाळ्यात तगमग व्हायची. वरच्या बंगल्यांतली झाडं आभाळाला लागली तरी हुसेनबीचं झाड घराच्या पत्र्यापेक्षा जरासंच उंच. ते तिच्या पथ्यावर पडलं, शिडी लावली की गाभ्यापर्यंत हात पोचायचा.

मधल्या काळात जिलानी गेला. दम्यानं गेला, पिंजाऱ्यांना जो होतो त्यानं. हुसेनबीला मूलबाळ नव्हतं. जिलानीच्या भावाचा मुलगा नबील, त्याची आई लहानपणीच वारली म्हणून याच घरात वाढलेला. तोच तिचा आधार. त्यानं लोखंडी पलंग जोडायचं दुकान काढलं, आणि ते दुकान धो धो चाललं, कारण लातुरात शिकवणीचं पीक आलं होतं.

कुठून कुठून पोरं यायची. नांदेड, उमरी, धर्माबाद, देगलूर, थेट आदिलाबादकडून. डॉक्टर व्हायचं, इंजिनिअर व्हायचं. चौकाचौकांत पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो भिंतीएवढे लावलेले. ज्यांचे फोटो लागत नसत ती पोरं कुठं जातात हे कुणी विचारत नसे. गल्लीत घरटी खोल्या निघाल्या, गोठ्यांच्या खोल्या झाल्या, जिन्याखाली खोल्या झाल्या. प्रत्येक खोलीत नबीलचे पलंग आणि पलंगावर हुसेनबीच्या गाद्या. मग फोमच्या गाद्या आल्या आणि तिचं काम बसलं. तिनं ओसरीची खोली भाड्यानं दिली. त्या वर्षी तिथं उमरीची आरती राहत होती, बारावीची पोर. सकाळी जायची, दिवे लागल्यावर यायची, आणि जेवताना पुस्तक मांडीवर.

भूकंपाला अठरा वर्षं झाली होती. दसऱ्याच्या आसपास नबील एक दिवस आवारात उभा राहून पावलं टाकायला लागला, इकडून तिकडं आणि तिकडून इकडं. हुसेनबी तांदूळ निवडत होती. तिनं ओळखलं.

"काय मोजून राहिलास?"

"चाची, आवार नुसतं पडून हाय. हितं मुलींसाठी खोल्या काढू. समद्या गल्लीनं काढल्या. तुला बी म्हातारपणी आराम. कुठवर शिड्या चढशील?"

"काढ की. मी कुठं नको म्हटलं?"

"झाड मधी येतंय."

हुसेनबीचा हात थांबला. नबील समजुतीनं बोलत होता. तो वाईट पोर नव्हता. "चाची, तू लई केलंस त्याच्यासाठी. पण फळ कुठं हाय? फुलोरा येतो अन गळतो. ते झाड वांझ हाय."

तो बोलून गेला आणि त्याच्या ध्यानातही आलं नाही. पण हुसेनबीनं तो शब्द ह्याच गल्लीत, ह्याच आडावर पाणी भरताना पाठीमागून किती वेळा ऐकला होता. नबीलच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तिला वाटलं, सूप उचलून फेकावं. फेकलं नाही. झाडाच्या अंगावर एकच गोष्ट होती जिनं नबीलचं तोंड बंद होणार होतं, आणि ती वर लटकत होती: त्या पावसाळ्यात फुलोऱ्याच्या दोन म्याना फुटून नारळांची सुपारीएवढी बोंडं धरली होती. बोंडं हा तिचा शब्द. कापसावर वाढलेली बाई दुसरं काय म्हणणार? दरसाल ती धरायची आणि थंडीत काळी पडून गळायची.

"वर बघ," ती म्हणाली. "बोंडं हायेत. शिवरात्रीला थंडी जाते. शिवरात्रीला त्यातलं एक जरी बोंड झाडावर ऱ्हायलं तर झाडाला हात लावायचा न्हाई. एक बी न्हाई ऱ्हायलं, तर मी सोता कुऱ्हाड आणून देईन."

"बघ हां, चाची."

"हुसेनबीचा शब्द हाय."

गल्लीत ही बातमी जेवणाआधी पोचली. हुसेनबी शब्दाची पक्की, हे सगळ्यांना माहीत. लोकांनी थट्टा थांबवली आणि झाडाकडं बघायला सुरुवात केली, ते तिला थट्टेपेक्षा जड गेलं.

त्या हिवाळ्यात तिनं जे केलं त्याला तोड नाही. बोंडांच्या घोसांना तिनं टोपडी शिवली. बाळाच्या टोपड्याला जसं अस्तर, तसं आतून मऊ धोतर, मधे पातळ कापूस, वरून दंव न पिणारं मेणकापड. आत काठ्यांची कमान, म्हणजे कापड बोंडांना टेकायचं नाही. संध्याकाळी शिडीवर चढून टोपडी बांधायची, सकाळी चढून सोडायची. गुडघे दुखायचे, ती गुडघ्यांना शिव्या द्यायची आणि चढायची. नबील म्हणाला, "मी चढतो." तिनं त्याला खाली उभं केलं. "तू शिडी धर. तुझा भरोसा तेवढाच." नबीलनं शिडी धरली. रोज धरली, हेही सांगायला पाहिजे.

पौष अर्धा गेला. बोंडं लिंबाएवढी झाली. संक्रांतीला हुसेनबीनं स्वतःहून गल्लीभर तीळगूळ वाटला आणि प्रत्येकाला विचारलं, "येताना झाड बघितलंस का?" घोसांतली काही गळली होती, पण बरीच हिरवीगार, टणक होती. नबीलही वर बघून म्हणाला, "चाची, तू जिंकतेस बहुतेक." हुसेनबी म्हणाली, "बहुतेक कामून?" आणि त्या दिवशी तिनं शेवयांची खीर केली.

मग माघात थंडी परत फिरली. असं कधी होत नाही; जाता जाता माणूस विसरलेली वस्तू घ्यायला वळावा तशी ती वळली. शिवरात्र आठवड्यावर आली होती. त्या संध्याकाळी हवा अशी थांबली की ओढ्यावरची कुत्रीही गप्प. हुसेनबीनं पाणी दिलं, दुपटीनं दिलं. दुलईवर दुलई घातली. टोपडी बांधली, त्यांच्यावर कडबा. धूर केला. करण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नाही.

सकाळी गवत पांढरं होतं. आडाच्या दोरीवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता, बोट लावलं की मोडायचा. धूर जमिनीलगतच पसरून राहिला होता, वर चढलाच नव्हता. हुसेनबी शिडी चढली. टोपडी कोरडी होती, दुलई कोरडी होती, गाभा घट्ट होता. बोंडांचे देठ मात्र काळे पडले होते. तिनं एका बोंडाला बोट लावलं आणि ते पडलं. मग तिनं कशालाच हात लावला नाही, तरी ती पडत राहिली. दुसऱ्या दिवशी पडली, तिसऱ्या दिवशी पडली. तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी झाडावर एकही नव्हतं.

तिची कुठं चूक झाली असती तर तिला बरं वाटलं असतं. चूक शोधून सापडेना. सगळं बरोबर केलं होतं आणि तरी गेलं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "या अल्ला, माझं आता काय करायचं राहिलं होतं?" आणि तिला इतका राग आला की रडू येईना.

आरती शिकवणीहून लवकर आली होती. तिनं दप्तर ठेवलं आणि खाली पडलेली बोंडं टोपल्यात वेचायला लागली. टोपलं अर्धं भरल्यावर म्हणाली, "मावशी, आता झाड तोडायचं?"

"शब्द दिलाय."

"पण त्याची काय चूक हाय? तुमची बी न्हाई."

"शब्द म्हणजे शब्द. पोरीनं पुस्तक वाचावं."

आरतीनं टोपलं खाली ठेवलं. "मला आज वरच्या तुकडीतून काढलं मावशी. परीक्षेत मागं पडले. खाली बसवलं, शेवटच्या वर्गात. बाबाला सांगितलं तर ते म्हणले, मग कशाला ऱ्हाते तिथं, ये उमरीला." तिनं टोपल्यातलं एक बोंड हातात घेतलं. "माझं बी काही आलं न्हाई, तर मला बी खोलीतनं काढाल का तुम्ही?"

"तुझं काय मधीच!" हुसेनबी खेकसली. "तू काय झाड हायेस का?"

आरती आत गेली. हुसेनबी मात्र तिथंच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी करपवली. त्याच्या पुढच्या दिवशी शेजारीण काही विचारायला आली, तर हिनं दार लावून घेतलं. आपण दसऱ्याला काय कबूल करून बसलो, हे तिला आता कळायला लागलं होतं, आणि जसजसं कळत होतं तसतशी ती स्वतःवर चिडत होती. संध्याकाळी मात्र ती उठायची, पाणी द्यायची, दुलई बांधायची. बोंडं नसलेल्या झाडाला.

शिवरात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नबील गवंड्याला घेऊन आला. गवंडी गुरुलिंग, निलंग्याकडचा, शांत माणूस. त्यानं खुंट्या आणल्या होत्या, दोरी आणली होती, आखणीची फक्की आणली होती. पहिली खुंटी त्यानं झाडाच्या बुडाशी ठोकलीही होती. गल्लीतली माणसं दात घासत घासत आवाराच्या भिंतीपाशी जमली. आरती जायला निघालेली, दारातच थांबली. आणि हुसेनबी झाडाखाली खाट टाकून बसली होती. कुऱ्हाड कुठं दिसत नव्हती.

नबीलनं इकडंतिकडं पाहिलं. त्यालाही ते नको होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "चाची," तो हळू म्हणाला, "तूच म्हटली होतीस."

"म्हटलं होतं."

"हुसेनबीचा शब्द हाय म्हणून."

"हाव. तो मोडला मी." ती उठून उभी राहिली आणि भिंतीपाशी जमलेल्या लोकांकडं वळली. "ऐकलं का रे समद्यांनी? हुसेनबीनं शब्द मोडला! सांगा गावभर, गंजगोलाईच्या बाजारात जाऊन सांगा. चुकीचा शब्द दिला होता. आता परत घेते."

भिंतीवरून कुणीतरी म्हणालं, "मग आम्ही पैज कामून बघत बसलो?"

"तुला कुणी बोलावलं होतं? जा, चूळ भर!"

लोक हसले, पण थोडेच. नबील अवघडला होता. "चाची, झाडाला फळ धरत न्हाई, हे तूच बघितलंस ना? तू काय काय केलंस, मी शिडी धरून उभा होतो. न्हाई धरत त्याला. मग ठेवून काय करायचं?"

"हेच. हेच मी बी दसऱ्याला कबूल केलं," हुसेनबी म्हणाली. "फळ आलं तर ऱ्हाईल, न्हाई आलं तर तोडा. माझ्या तोंडून गेलं. माझ्या! अरे, मला काय झालं होतं? माझ्या पोटी काय आलं, नबील? एक तरी आलं का? तुझ्या चाचाला लोकांनी सांगितलं नव्हतं का, दुसरी कर म्हणून? त्यानं मला टाकलं का? ह्या आडावर मला जे म्हणायचे, ते तू झाडाला म्हटलास."

नबीलचा चेहरा पडला. "तुला न्हाई म्हटलो मी चाची. अल्लाशप्पथ. झाडाला म्हटलो."

"मला ठाऊक हाय. पण तो शब्द झाडाला एक अन बाईला एक, असा नसतो बाबा. एकच असतो." तिनं बुंध्यावर हात ठेवला. "अठरा वर्षं हे थंडीत उभं ऱ्हायलं. हितं न्हाई जगत म्हटलं होतं, तरी जगलं. अजून काय पाहिजे त्याच्याकडून? मी आता त्याला फळ मागणार न्हाई. आलं तर आलं."

आरतीला वर्गाला उशीर होत होता, पण ती हलली नाही. गुरुलिंग बिचारा दोरीचं टोक धरून उभा होता. त्यानं खाकरून विचारलं, "मग मालक, दोरी कुठून धरू?"

नबीलनं झाडाकडं पाहिलं, मग आडाकडं, मग मोकळ्या जागेकडं. त्यानं डोक्यात काहीतरी बसवून पाहिलं, पुसलं, परत बसवलं. त्याला ते मनापासून पटलं होतं, का चाचीपुढं त्याचा इलाज चालत नव्हता, कोण जाणे; दोन्ही असावं.

"एक खोली कमी होईल चाची," तो म्हणाला.

"होऊ दे."

"अन जन्मात कधीच फळ आलं न्हाई तर?"

"तर न्हाई आलं," हुसेनबी म्हणाली. "मला तरी कुठं आलं होतं? तू आलास की."

नबील खाली वाकला. झाडाच्या बुडाशी ठोकलेली खुंटी त्यानं दोन्ही हातांनी उपटली, बाहीनं तोंड पुसलं, आणि ती आडाच्या अलीकडं नेऊन ठोकली.